बिरोबाचा डावा कौल

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खताच्या दुकानात जालिंदरला ही डायरी फुकट मिळाली. मला देऊन म्हणाला, तुझ्या डोक्यात लई चालतं, ते हितं काढ म्हंजे माझं डोकं सुटंल.

मी सातवी शिकले. चुकंल तसं लिवणार. या घरात वाचणारा नवरा एकटा, आन तो मोबाईल सोडून काय वाचत न्हाई. आत्याबाईंना म्हंजे सासूला अक्षर येत न्हाई. मामंजींना मेंढरं वळखता येतात, अक्षरं न्हाईत. म्हणून खरं लिवायला हरकत न्हाई.

माझं नाव इंद्रायणी न्हाई. आळंदीला पळून जाऊन लगीन केलं, तवा जालिंदरला दुसरं काय सुचलं न्हाई म्हणून समोरच्या नदीचं नाव ठेवलं. खरं नाव रिबका. मी कोकणातली, अलिबागकडची. आमी यहुदी. गावात आमाला शनवार तेली म्हणायचे. आजा तेल गाळायचा आन शनवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून. जालिंदर तिकडं जेसीबी चालवायला आला व्हता. त्यानं घरी सांगितलं, पोरगी तेल्याची हाय. मी म्हणलं खोटं कशाला बोलायचं, तर म्हणाला, तुझा आजा तेल न्हाई तर काय रॉकेल गाळत व्हता का?

माझे आईबाप गेले. भाऊ इस्राएलला हाय. मला हे घर सोडून कुठं घर न्हाई.

वरच्या वाडीला एक घर दुसऱ्या कुठल्या देवाच्या प्रार्थनेला जायला लागलं. भावकीनं त्यांची पालखी बंद केली, बोलणं बंद केलं. शेवटी सून माहेरी धाडली आन पोरं ठेवून घेतली.  माझा मोहित सव्वा वर्षाचा. मला धाडलं तर तो कुणाजवळ झोपंल?

१५ फेब्रुवारी, रविवार

काल शनवार. शनवारी मी लिवत न्हाई. कामही करायचं नसतं, पण सून म्हणून आल्यावर कोण ऐकतंय. तरी माझं नशीब लई चांगलं हाय. शनवार आला की आत्याबाईंना माझी कंबर दिसते. मला दुखत नसली तरी त्यांना दिसते. म्हणतात, "तुझी चाल वाकडी पडतीय, बस लेकराला घेऊन." आन सोता भाकरी थापतात. बाकीच्या दिवशी माझी चाल सरळ असते, तवा शेण मीच काढते.

त्यांना शनवारची भाकरी थापायची हौस असंल. म्हाताऱ्या माणसाला कशाकशाची हौस असते.

सुकटीचंही तसंच. आमच्यात सुकट, कोळंबी, खेकडा खात न्हाईत. मासा खवल्याचा पायजे. मी आले तवा काळजीनं अर्धी झाले व्हते, कारण इकडं बाजारात सुकटच जास्त. तर पैल्याच आठवड्यात आत्याबाई शेजारणीला सांगत व्हत्या, आमच्या सुनंला सुकटीनं अंगावर गांधी उठतात. मला कवा उठल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणाच्या सुनेचं माझ्यात मिसळलं असंल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज घात झाला.

भगवंतअण्णा आले व्हते. ते मामंजींचे चुलत भाऊ आन भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. चहा पिता पिता त्यांनी मोहितचे केस धरून बघितले. म्हणाले, बिरोबाच्या जत्रेत जावळ काढून टाका, पोरगं हाय का पोरगी कळंना झालंय.

सगळे व्हय म्हणाले. माझ्या हातातला कप पडला.

गेल्या पावसाळ्यात मोहितला निमोनिया झाला. मंचरच्या दवाखान्यात त्याला काचंच्या खोलीत ठेवला व्हता. तवा मी आमच्या नबीला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलले, माझं पोरगं वाचव, सात वर्सं त्याच्या केसाला कातर लावणार न्हाई. आमच्यात असा नवस करतात. पोरगं वाचलं. आता सव्वा वर्षातच कातर लावली तर मी कुठल्या तोंडानं दुसऱ्यांदा मागू? नबी काय दुकानदार न्हाई, पण शब्द तो शब्द.

आन कातर नको म्हणावं तर का नको म्हणून इचारणार.

कप फुटला म्हणून आत्याबाई म्हणाल्या, "कोकणातल्या बाया हाताला मासळी लागल्यागत भांडी धरतात." सगळे हसले. अण्णा पण हसले आन जावळाचं बोलणं तेवढ्यापुरतं मोडलं. मला आत्याबाईंचा लई राग आला. माझा जीव जातोय आन ह्यांना मासळी सुचतीय.

२२ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारच्या वातीचं लिवते. सांज व्हायच्या आत मी पिठाच्या डब्यामागं एक पणती लावते, डोळ्यावर हात घेते आन शमा म्हणते, ती आमची प्रार्थना. आईनं तेवढंच पाठ करून दिलं. बाकी मला काय येत न्हाई.

परवा वात लावली आन आत्याबाई पीठ घ्यायला आल्या. मी डब्याम्होरं आडवी झाले. त्यांनी वाकून बघितलं. म्हणाल्या, "आमच्या घरातल्या उंदराला आता उजेडही पायजे का?" आन पीठ न घेताच गेल्या. त्यांना वाटलं असंल मी उंदरासाठी औषध ठेवतेय. वाचले.

पण एक नवल हाय. त्या पणतीत मी तेल घालते एवढंसं, कारण तेल कमी झालं की घरात कळतं. तरी दर शुक्रवारी बघावं तर पणती काठोकाठ. आमच्यात एक जुनी गोष्ट हाय, देवळात एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं व्हतं. मला ती गोष्ट कवा खरी वाटली न्हाई. आता वाटते. माझ्यासारखीच्या पणतीसाठी देव या अवसरी गावापर्यंत येतो म्हंजे लईच झालं. जालिंदरला सांगितलं तर तो नुसता डोकं खाजवत बसला.

१ मार्च, रविवार

पावणं आले म्हणून बकरं कापलं. मुलाणी आला व्हता. पण मांडी मामंजींनी सोता घेतली, आन आतली ती लांब शीर हळूहळू ओढून काढली. आमच्यात ती शीर काढल्याबिगर मांडी खात न्हाईत. मी बघतच ऱ्हायले.

मामंजी इकडं तिकडं बघून मला म्हणाले, ही शीर लई कडू लागती पोरी. पण म्हातारीला बोलू नको, तिला ती लई आवडती, माझ्याशी भांडंल.

मग चुलीपाशी आत्याबाई हळूच म्हणाल्या, आज मटण हाय, दुधाचा चहा करू नको, पोटात नासतं. पण म्हाताऱ्याला बोलू नको, त्याला मटणावर चहा लागतो.

आमच्यात मटणासंगं दूध चालतच न्हाई, म्हणून माझं बरंच झालं. मी दोघांना बोलले न्हाई. दोघांचं एकमेकांत काय चाललंय कोण जाणे. एवढी वर्सं संसार करून शिरेवरनं आन चहावरनं लपवाछपवी करतात. मला हसू आलं.

८ मार्च, रविवार

हसू संपलं. अण्णा परत आले. जावळ काढताना पोरगं मामाच्या मांडीवर बसवतात. अण्णांनी इचारलं, मामा कवा येतोय?

मी सांगितलं, दुबईला हाय. अण्णा म्हणाले, फोन लावून द्या, मी बोलतो. मी म्हणलं, तिकडं आता रात हाय. भर दुपार व्हती. दुबईला किती वाजतात मला काय ठावं. अण्णांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यांचा धाकटा पोरगा मागल्या वर्षी दुबईसनं आलाय.

मग म्हणाले, माहेरचं गाव सांग, कूळ सांग, देव कोण सांग. मी म्हणलं, तेली. ते म्हणाले, तेली मला कळलं, देव कोण?

 आमच्या देवाला तोंड न्हाई, हात न्हाई, देऊळपण मूर्तीबिगर. काय सांगू?

आत्याबाई मधीच म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या सुनंच्या माहेरचा देव तरी तुमाला ठावं हाय का? मागल्या दिवाळीला तिच्या बापाचं नावबी इसरला व्हता." अण्णा चिडून उठले. जाताना म्हणाले, तुमाला मस्करी वाटती, पण जत्रंच्या आत हे समदं कळायला पायजे. कळलं न्हाई तर कुशाबाच्या, म्हंजे मामंजींच्या, घरानं पालखीला हात लावायचा न्हाई. मग वरच्या वाडीला झालं तेच.

जालिंदर सांजच्याला म्हणाला, काढून टाक ना केस, केसच हायेत, परत येतील. मी म्हणलं, तुझ्या टकलावर आले का? तो हसला न्हाई. मग मलाच रडू आलं. तो म्हणाला, मला पोरगंबी पायजे आन तूबी पायजे, मी काय करू ते सांग. त्याला असं कवा बोलताना बघितलं नव्हतं. तो पण भ्यालाय. मला वाटत व्हतं एकटी मीच भिते.

११ मार्च, बुधवार

भिंतीवर एका पोरीचा फोटो हाय. लांब केस, दोन वेण्या, रिबिनी, दात पडलेले. आल्यापासनं बघते. एकदा इचारलं तर आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या आन चुलीकडं गेल्या. मेलेली नणंद असंल. दुःखानं माणूस हसतं कवाकवा. मी परत इचारलं न्हाई.

आज उगंच त्या फोटोम्होरं उभी ऱ्हायले. म्हणलं, बाई, तू तरी सांग.

१८ मार्च, बुधवार

आज मी पिशवी भरली. मोहितची झबली, माझं लुगडं, पणती. अण्णा कुणाला तरी अलिबागकडं चौकशीला धाडणार हायेत असं दळायच्या गिरणीवर कळलं. मी ठरवलं, त्यांनी पोरगं ठेवून घ्यायच्या आत घेऊन निघायचं. कुठं ते ठरवलं नव्हतं.

आत्याबाई आल्या. पिशवी बघितली. खाली बसल्या आन एक एक कपडा काढून घडी घालायला लागल्या. पणती हातात आली, ती पदरानं पुसली आन पिठाच्या डब्यावर ठेवली. म्हणाल्या, "कोकणातली बाई पिशवीसुदिक धड भरत न्हाई. खाली जड, वर हलकं भरायचं असतं."

मी रडायलाच लागले. मी म्हणलं, आत्याबाई, मोहितच्या केसाला कातर लावू नका. का ते इचारू नका. मी तुमाला सांगू शकत न्हाई.

त्यांनी मोहितला मांडीवर घेतलं. मोहित त्यांच्या नाकातली नथ ओढत व्हता.

मग म्हणाल्या, "मी इचारलं का तुला?"

"न्हाई."

"मग उगं सांगायला का निघालीस? माणसानं इचारल्यावर सांगावं. न इचारता सांगायची सवय लई वाईट. जालिंदरच्या बापाला ती हाय. म्हणून मी त्याला काय सांगत न्हाई."

आन म्हणाल्या, जावळ काढायचं का न्हाई हे अण्णा कोण ठरवणार? देव ठरवंल. बिरोबाला कौल लावू.

मला धड जीव आला न्हाई. बिरोबा माझा देव न्हाई. तो माझ्या बाजूनं कशाला बोलंल? मी त्याला कवा नारळसुदिक मनापासनं वाहिला न्हाई. पाया पडताना मी मनात शमा म्हणते. त्याला कळत असणारच.

२९ मार्च, रविवार

आज कौल झाला. 

बिरोबाचं देऊळ माळावर. भावकी सगळी जमली. पुजारी म्हस्कूबाबा, त्यांना आता धड दिसत न्हाई. कौल असा, देवाच्या दोन्ही खांद्यांवर एक एक ओलं फूल चिकटवायचं आन प्रश्न इचारायचा. उजवं फूल पडलं तर व्हय. डावं पडलं तर न्हाई. मग सगळे फुलाकडं बघत बसतात. आमच्या आयुष्याचा निकाल दोन झेंडूच्या फुलांवर.

ताट आत्याबाईंनी घरनंच आणलं व्हतं. म्हस्कूबाबांच्या हातात फूल त्यांनीच दिलं, हे उजवं घ्या, आन हे डावं. अण्णा म्होरं बसले. म्हस्कूबाबांनी इचारलं, देवा, कुशाबाच्या नातवाचं जावळ औंदा काढायचं का?

मी डोळे मिटले. आधी नबीला हाक मारली. मग वाटलं, देऊळ दुसऱ्याचं हाय, घरच्या मालकाला न इचारता बोलणं बरं न्हाई. म्हणून बिरोबाला म्हणलं, मी तुझी कोण न्हाई, पण पोरगं तुझ्या माळावर खेळतंय.

कुणी हालंना. तेवढ्यात मामंजींना नेमकं घोंगडं झटकायचं सुचलं. डाव्या अंगाला उभे राहून त्यांनी जोरात झटकलं, दोनदा. मला असा संताप आला. म्हणलं, म्हाताऱ्या, वाऱ्यानं उजवं फूल पडलं म्हंजे?

डावं पडलं.

अण्णा म्हणाले, वारं लागलं, परत लावा. परत लावलं. मामंजींना आता खोकला आला. परत डावं पडलं. उजवं जागचं हाललं न्हाई. तिसऱ्यांदा अण्णा सोता उठले, मामंजींना घोंगड्यासकट देवळाच्या भाईर उभं केलं. बराच वेळ दोन्ही फुलं तशीच. उनानं माणसं वाळली. शेवटी डावं सुकून आपसूक गळालं. उजवं सुकलं तरी गळंना.

म्हस्कूबाबा म्हणाले, देवाची मर्जी न्हाई. आत्याबाईंनी लगेच इचारलं, मग किती वर्सं ठेवायचे केस? सात वर्सं असतील तर देवा डावं दे. म्हस्कूबाबांनी नवं डावं फूल लावलं, ते हात काढायच्या आतच पडलं.  सातच. मी सात कुणालाच बोलले नव्हते. जालिंदरला तेवढं सांगितलं व्हतं, पण तो आईशी असलं काय बोलत न्हाई.

अण्णा उठले. देवाम्होरं त्यांचं काय चालत न्हाई. मोहितच्या केसाला भंडारा लावून म्हणाले, देवाच्या नावाचं पोरगं हाय, संभाळा. पालखीला कुशाबाचाच खांदा लागंल. आन हळूच मला म्हणाले, देवानंच हात ठेवला म्हणल्यावर मी कूळ काय इचारणार? अलिबागला कुणी जात न्हाई आता.

सगळे उठले तरी ते उजवं फूल देवाच्या खांद्याला तसंच व्हतं. त्याच्यावर मुंग्या लागल्या व्हत्या. काळ्या मुंग्यांची रांगच. फुलाला मुंग्या मी पैल्यांदा बघितल्या. देवाचं फूल गोड असंल.

एलियाहू हन्नाबी आन बिरोबा या दोघांनी आपसात कसं जमवलं मला कळत न्हाई. आमचा नबी रथातनं येतो, घोडे असतात. बिरोबाच्या माळावर घोड्याला जागा भरपूर हाय. आला असंल.

घरी आल्यावर आत्याबाई मामंजींना वरडल्या, घोंगडं झटकायला तुमाला तीच येळ सापडली का? मामंजी म्हणाले, घोंगड्यात कुसळ व्हतं. आन दोघंही एकमेकांकडं न बघता हसले.

३ एप्रिल, शुक्रवार

नवस पावला की आमच्यात मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यात गूळ, खोबरं, वर फळं. इकडं मलिदा भाकरीचा करतात, पोह्याचा कुणी करत न्हाई. मी सकाळपासनं इचार करत व्हते, काय म्हणून सांगावं. स्वैपाकघरात गेले तर आत्याबाई पोहे भिजवून, खोबरं खवून, गूळ चिरत बसलेल्या. म्हणाल्या, मलिदा करायचा म्हणते, पोह्याचा.

मला धक्काच बसला. टीव्हीवर बघितला असंल. टीव्हीवर आता काय पण दाखवतात.

मोहित त्यांच्या मांडीवर व्हता. त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवून घेतला, काच पुसली. म्हणाल्या, "कुणाचा हाय ठावं हाय का?"

मी म्हणलं, माझ्या नणंदेचा. देवाघरी गेलेल्या.

त्या एवढ्या हसल्या की गुळाची सुरी बाजूला ठेवावी लागली. "आगं, जालिंदर हाय तो. सात वर्सं वेण्या घातल्या मी त्याच्या. साळंतली पोरं जालिंदरी म्हणायची. म्हणून फोटोचं कवा बोलत न्हाई तो."

मग त्यांनी सांगितलं. लगीन होऊन लई वर्सं झाली तरी पोर व्हईना. तवा मेंढरं घेऊन दर वर्षी कोकणात उतरायचे. तिकडं एका तेलिणीच्या रानात मेंढरं बसवायचे, ती बाई शनवारी तेल द्यायची न्हाई, पण आत्याबाईंना डोक्याला लावायला शुक्रवारीच काढून ठेवायची. ती त्यांना एका खडकापाशी घेऊन गेली. खडकावर घोड्याच्या टापा उमटल्यात, रथाची खूण हाय. तिथं नवस बोलल्या. वर्सात जालिंदर झाला. सात वर्सांनी तिथंच त्याच्या वेण्या कापल्या आन असाच पोह्याचा मलिदा केला.

 तो खडक मला ठावं हाय. लहानपणी आई मला घेऊन गेली व्हती. पण मी काहीच ठावं नसल्यासारखं तोंड केलं.

"मामंजींना ठावं हाय?" मी इचारलं.

"येडी का काय? त्याला वाटतं बिरोबानं दिला. तू बोलू नको." मग थोडं थांबून म्हणाल्या, "औंदा मेंढरं न्ह्यायची न्हाईत, पण पोराला घेऊन एकदा कोकणात उतरू. तुझं माहेर तिकडंच कुठंतरी हाय न्हवं?"

मी म्हणलं, हाय तिकडंच कुठंतरी.

ऊन उतरायला लागलं. मी पिठाच्या डब्याकडं बघत व्हते. आत्याबाई म्हणाल्या, पणती हितं भाईर घे, चुलीपाशी, तिथं कोपऱ्यात दिसत न्हाई. वात तू लाव, माझे हात गुळाचे हायेत. मी लावली. त्यांनी डोक्यावरनं पदर घेतला आन मोहितचे हात धरून जोडले. मी डोळ्यावर हात घेतला तर त्यांनी तिकडं तोंड फिरवलं, मोहितला खिडकीतली मेंढरं दाखवत बसल्या.

मी लई इचार केला. एवढ्या बिरोबाच्या घरात राहून आत्याबाईंनी दुसऱ्या देवाचा नवस फेडला आन इतकी वर्सं कुणाला कळू दिलं न्हाई. अण्णांना कळलं तर म्हातारपणी त्यांचे किती हाल व्हतील. मी जालिंदरलासुदिक सांगणार न्हाई. आता या घरात दोन गुपितं झाली. माझं मी संभाळते, मला सवय हाय. काळजी आत्याबाईंची वाटते. त्या भोळ्या, त्यांना काय लपवता येत न्हाई.